खडपावरून ‘पाय घसरून’ गेलेल्यांविषयी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या जिल्हा पानावर, नारळाच्या भावाखाली, चार ओळींची एक बातमी होती. ‘खडकावर मासे गरवत असताना पाय घसरून समुद्रात पडल्याने इसमाचा मृत्यू. पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद.’ त्या इसमाला मी ओळखत नव्हतो, पण बातमी ओळखीची होती. अशी बरीच कात्रणं माझ्याकडे एका जुन्या वेबिलच्या (म्हणजे कंडक्टरच्या हिशोबाच्या) पॅडमध्ये जपून ठेवलेली आहेत. गाव बदलतं, वय बदलतं, बाकी शब्द तेच. सगळ्यात जुनं कात्रण २००३ च्या मे महिन्यातलं, माझ्या चुलत भावाचं. त्यातही ‘पाय घसरून’ असंच छापलंय. मी त्याच्यापासून पंधरा पावलांवर उभा होतो. त्याचा पाय घसरला नव्हता.

म्हणून हे पत्र. थोडं लांबेल. एसटीत ३१ वर्षं कंडक्टरकी केली तोवर थोडक्यात बोलायची सवय होती, निवृत्तीनंतर ती सुटली.

आमचं गाव गुहागर तालुक्यात, हेदवीच्या बाजूला. हेदवीची बामणघळ तुमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिली असेल. काळ्या कातळाला उभी भेग पडलेली आहे. भरतीला पाणी तिच्यात घुसतं, कोंडतं आणि माडाच्या निम्म्याला लागेल असा फवारा वर येतो. पाहुणे तो फवारा मोबाइलमध्ये घेतात. आमचे वडील आम्हांला तिथे उभं करून वेगळंच दाखवायचे. एक मोठा फवारा आला की पुढचे दहा-बारा बारके, मग परत दोन-तीन मोठे लागोपाठ. ‘मोठी लाट एकटी येत नाय, भावंडं घेऊन येते,’ असं ते म्हणायचे. शाळेत कुणी हे शिकवलं नाही.

किनाऱ्याच्या या खडकाला आमच्याकडे खडप म्हणतात. खडपावर बसून गरी टाकायची, म्हणजे गरवायचं. बोट नको, डिझेल नको, भागीदार नको. तंगूस (म्हणजे नायलॉनचा दोरा), गरी, शिसं आणि आमिषाला कोळंबीचे तुकडे, एवढ्यावर काम भागतं. नशीब असेल तर तांबोशी लागते, गोबरा लागतो, कधी चणाक. हे मासे उगाच खडपाशी येत नाहीत. लाट फुटते तिथे कातळावरचे किडे, खेकडे, कालवांचे तुकडे सुटतात, पाणी फेसाळतं, आणि त्या फेसाच्या कडेला मोठा मासा टपून असतो. म्हणजे मासा नेमका तिथे, जिथे माणसाने असू नये. गरवण्याची सगळी गंमत आणि सगळा धोका या एका गोष्टीत आला.

त्यात पावसाळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्र बंद. तो नियम योग्यच आहे, माशांच्या विणीचा काळ असतो आणि दर्याही खवळलेला असतो. पण बोटी बंद झाल्या की मासळीचा भाव चढतो, शेतीच्या लावणीला अजून अवकाश असतो, आणि गढूळ पाण्यात मासा किनाऱ्याला सरकतो. मग ज्या महिन्यांत सरकार बोटीतल्या माणसाला सांगतं की बाबा घरी बस, त्याच महिन्यांत विनाबोटीचा माणूस गरी घेऊन खडपाच्या टोकाला जाऊन बसतो. त्याला कुणी काही सांगत नाही. तो मच्छीमार म्हणून कुठल्या कागदावरच नसतो. बोटीवरच्या नोंदणीकृत मच्छीमाराला अपघात विमा असतो. खडपावरचा माणूस ना संस्थेचा सभासद, ना परवानेवाला. तो जातो तेव्हा ‘इसम’ म्हणून जातो.

आता २००३ चं सांगतो. वैशाख वद्य अष्टमी होती. तिथी मला पाठ आहे, कारण निघण्यापूर्वी आम्ही दोघांनी तिचा हिशोब केला होता. तुमच्या तरुण वाचकांसाठी तो हिशोब लिहितो, कारण तो आता कुणी करत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरती कितीला ते कळतं. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास आणि परत संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. एकादशीला सव्वाआठ. गाव उत्तरेला की दक्षिणेला त्याप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे, पण अंदाज चुकत नाही. भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते, त्याचंच हे गणित. वडिलांना पाऊणकी येत होती, म्हणून त्यांना घड्याळ लागलं नाही.

तर अष्टमी, म्हणजे भांग. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं तसं अष्टमीच्या आसपास पाणी सगळ्यात कमी हलतं. आम्ही साडेनवाला खडपावर उतरलो, पाणी उतरत होतं, पूर्ण ओहोटी बाराला. आभाळात ढग नाही. वारा इतका पडलेला की विडीचा धूर सरळ वर जात होता. समुद्र तेल ओतल्यासारखा. सगळे हिशोब आमच्या बाजूने होते.

साडेदहाच्या सुमारास भावाची गरी खालच्या कपारीत अडकली. नवी गरी होती, तोडायचा जीव होईना. तो दोन टप्पे खाली उतरला आणि वाकून तंगूस मोकळी करू लागला, समुद्राकडे पाठ करून. लाट आली नाही. फुटली तर नाहीच. पाणी नुसतं वर आलं, चुलीवरचं दूध उतू जाताना वर येतं तसं. आधी त्याच्या गुडघ्याला, मग मांडीला. तोवर तो उभाच होता, माझ्याकडे बघून हसलासुद्धा. मग पाणी मागे फिरलं आणि त्याला घेऊन गेलं. एक घनमीटर पाणी म्हणजे हजार किलोंहून जास्त वजन. मांडीभर पाणी धावत मागे जाताना किती वजन पायांना ओढतं ते आता मी कागदावर मांडू शकतो, तेव्हा फक्त पाहिलं.

तो पट्टीचा पोहणारा होता. बुडाला तो पोहता येत नव्हतं म्हणून नाही. त्याने तीन वेळा त्याच खडपावर चढायचा प्रयत्न केला. कालवांच्या धारेने त्याचे तळवे चिरले, ते मला वरून दिसत होते. दर वेळी अर्धा चढला की मागून पाणी येऊन त्याला कातळावर आपटायचं आणि परत सोलून न्यायचं. माझ्या हाताशी काय होतं? एक बादली, तीत तीन मासे, एक सुरी आणि तंगूस. मी तंगूस फेकली. त्याने ती धरली आणि ती तुटली. विहिरीवरचा वीस मीटरचा दोर घरी होता. पंधरा मिनिटांच्या वाटेवर.

हे मी इतक्या तपशिलात लिहिलं ते दुःख उगाळायला नाही. बावीस-तेवीस वर्षं झाली. लिहिलं ते ‘पाय घसरून’ या दोन शब्दांसाठी. पाय घसरला असं म्हटलं की दोष पायाचा. माणूस धांदरट होता, किंवा चपला वाईट होत्या, किंवा घेतली असेल. वाचणारा म्हणतो, मी नाही घसरणार. आणि दुसऱ्या दिवशी तोही त्याच टोकावर जाऊन बसतो. २०२३ च्या जुलैत मुंबईला, वांद्र्याच्या बँडस्टँडला, खडकावर बसलेल्या जोडप्यातल्या बाईला लाट घेऊन गेली. ते चित्रण तेव्हा घरोघरी पाहिलं गेलं. ती बसलेली होती. बसलेल्या माणसाचा पाय कसा घसरेल?

घसरणं खोटं आहे असं नाही. हिरवं शेवाळ साबणासारखं असतं, आणि गमबूट घालून त्याच्यावर चालणारी माणसं पाहिली की माझ्या पोटात गोळा येतो. आमचे वडील चपलेला सुंभ गुंडाळायचे. पण शेवाळावर पडलेला माणूस बहुतेक वेळा ढोपर फोडून घेऊन उठतो. जे जातात त्यांच्या बाबतीत पाणी त्यांच्यापर्यंत आलेलं असतं. प्रश्न असा की ते त्या दिवशी, भांगाच्या ओहोटीला, पडलेल्या वाऱ्यात आलं कसं.

याचं उत्तर मला पुष्कळ वर्षांनी मिळालं, आणि तेही केरळच्या एका बोटीवरच्या खलाशाकडून. ते लोक म्हणतात ‘कल्लक्कडल’. चोरासारखा येणारा समुद्र. वारा नाही, पाऊस नाही, आणि एकाएकी पाणी अंगणात. पार दक्षिणेकडे, हिंदी महासागराच्या तळाशी वादळं होतात. तिथून निघालेल्या लांब लाटा हजारो किलोमीटर चालत काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागतात. एप्रिल-मे हा त्यांचा मोसम. खोल पाण्यात त्या दिसतसुद्धा नाहीत, बोट नुसती सावकाश वरखाली होते. किनाऱ्याशी आल्या की उंचावतात. वाळूचा उतार असेल तर तिथे पसरून दमतात. खडपापुढे उतार नसतो, थेट खोल पाणी. तिथे लाटेला दमायला जागाच नाही, ती आणलेलं सगळं खडपावर टाकते. २०१२ साली युनेस्कोने हा मल्याळी शब्द शास्त्रात वापरायला मान्यता दिली. त्या दिवशी आमच्याकडे नेमकं हेच आलं होतं याचा कागद माझ्याकडे नाही, पण उतू जाणाऱ्या दुधाचं दुसरं स्पष्टीकरणही मला आजवर कुणी दिलेलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या बापजाद्यांना जे माहीत होतं ते भरतीचं गणित. ते चुकीचं नाही, अर्धं आहे. तिथी पाणी किती उंच ते सांगते, लाट किती मोठी ते सांगत नाही. दुसरं अर्धं आज फुकट मिळतं. हैदराबादला भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आहे, ‘इन्कॉइस’ म्हणतात त्याला, १९९९ पासूनचं. ते आपल्या किनाऱ्यासाठी लाटांचा अंदाज रोज देतं, आणि असे चोरट्या, उसळत्या पाण्याचे दिवस असले की वेगळा इशाराही देतं. बोटवाल्यांच्या सोसायटीत तो पोचतो. खडपावरच्या माणसाला तो असतो हेच ठाऊक नसतं.

आणि पोचला तरी वाचता आला पाहिजे. मी स्वतः पहिली दोन वर्षं चुकीचा वाचला. अंदाजात ‘लाटांची उंची २ मीटर’ असं लिहिलेलं असतं. आपल्याला वाटतं जास्तीत जास्त दोन मीटर. तसं नाही. सगळ्या लाटांपैकी मोठ्या एक तृतीयांश लाटा घेऊन त्यांची सरासरी काढतात, तोच हा आकडा. सरासरी म्हटलं की तिच्या वरचेही आलेच. दोन-तीन तास बसलात तर त्यातली एखादी लाट जवळजवळ दुप्पट असणार, हा समुद्राचा रोजचाच हिशोब आहे, अपवाद नव्हे. गाडीत सरासरी चाळीस माणसं असतात याचा अर्थ आठवड्याच्या बाजाराला ऐंशी चढत नाहीत असा होत नाही, हे कंडक्टरला कळायला हवं होतं. नाही कळलं.

दुसरं गणित खडपच सांगतो. त्याला वाचायला इंटरनेट लागत नाही. वरचा कातळ कोरडा आणि करडा असतो. त्याखाली कालवांचा पांढुरका पट्टा, तिथवर भरतीचं पाणी रोज येतं. त्याखाली शेवाळाचा हिरवा-काळा. पाऊस पडलेला नसताना कालवांच्या पट्ट्याच्या वरचा कातळ ओला दिसला, किंवा वरच्या खळग्यांत ताजं पाणी साठलेलं दिसलं, तर थोड्या वेळापूर्वी लाट तिथे येऊन गेलेली आहे. ती परत येणार. मी आता खाली उतरण्यापूर्वी वर, गवतात, अर्धा तास बसतो. वडील एक पान खाऊन होईस्तोवर बसायचे. मी पान सोडलंय म्हणून घड्याळ लावतो. माझा मुलगा म्हणतो, बाबा, अर्ध्या तासात भरती निघून जाईल. जाऊ दे. भरती उद्या पाऊण तास उशिरा परत येते.

आमच्या वाडीत मला ‘जॅकेटवाले’ म्हणतात. थट्टेने. बोटीवर वापरतात तसं तरंगणारं जॅकेट घालून मी गरवायला जातो. पहिल्या दिवशी शेजारच्या काकांनी विचारलं, ‘काय हो, विमानात चाललात काय?’ कोकणातल्या माणसाला समुद्राची भीती दाखवायची म्हणजे त्याच्या सात पिढ्यांचा अपमान. पण गेले दोन पावसाळे त्याच काकांचा नातू जॅकेट घालतो. जॅकेटची किंमत आजकाल मुलं घेतात त्या गरवायच्या रीलपेक्षा कमी आहे. ज्यांना तेही जमत नाही त्यांना मी एकच सांगतो. गोड्या तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, झाकण घट्ट, त्याला वीस-पंचवीस मीटरचा जाड दोर. बुडणाऱ्या माणसाचं फक्त डोकं पाण्यावर राहायला हवं असतं, आणि तेवढं तो कॅन करतो. तो फेकता येतो, कारण आत पेलाभर पाणी ठेवलं की वाऱ्याने उडत नाही. भावाच्या वेळी माझ्याजवळ हा कॅन असता तर, हे मी लिहिणार नव्हतो, पण लिहिलं गेलं.

आणि एक, जे सगळ्यात कमी लोकांना पटतं. पडलात तर खडपाकडे पोहू नका. खडप दहा फुटांवर दिसतो, वर माणसं हात पसरून उभी असतात, आणि तीच जागा जीव घेते. दम असेल तोवर बाहेर, फेसाच्या पलीकडे जायचं, पाठीवर तरंगायचं आणि वाळूचा तुकडा किंवा बंदराची बाजू कुठे आहे ते बघायचं. वरच्याने उडी मारायची नाही. कॅन फेकायचा, हाताचं बोट रोखून माणूस कुठे आहे ते नजरेत धरायचं आणि दुसऱ्याला फोनला पळवायचं, कारण खडपाच्या पोटात रेंज नसते. तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, नाहीतर ११२. हे नंबर मी कॅनवरच ऑइलपेंटने लिहिलेत. दुसरा माणूस असेल तरच हे शक्य. एकटं गरवायला जाणं म्हणजे विनाकंडक्टर गाडी. हल्ली तशाही धावतात म्हणा.

पाहुण्यांविषयी थोडं. शनिवार-रविवारी घाटावरून मंडळी येतात, हातात लांब कार्बनच्या काठ्या. हौस चांगली आहे, आमच्या खानावळी चालतात. पण आमच्याकडे काही झालं की पर्यटकांवर ढकलायची पद्धत आहे, ती मला मान्य नाही. माझ्या कात्रणांत स्थानिकच जास्त आहेत. पाहुणा निदान घाबरतो. (त्या कार्बनच्या काठ्या मात्र वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात, गडगडायला लागलं की आडव्या ठेवा आणि खडप सोडा. कार्बनमधून वीज जाते. हे दुकानदार सांगत नाही.)

आता व्यवस्थेचं. मुरूडला २०१६ च्या फेब्रुवारीत सहलीची मुलं गेली, मालवणजवळ वायरीला २०१७ च्या एप्रिलात बेळगावची कॉलेजची मुलं गेली, तेव्हा राज्यभर हळहळ झाली आणि वाळूच्या किनाऱ्यांवर फलक लागले, काही ठिकाणी जीवरक्षकही आले. चांगलं झालं. गोव्यात तर २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक आहेत, आणि पावसाळ्यात खडकांवर जाऊ नका असं ते ओरडून सांगतात. पण आपल्याकडे फलक वाळूवर थांबतो. ‘समुद्रात पोहणे धोकादायक आहे.’ गरवणारा म्हणतो, मी कुठे पोहायला आलोय? त्याला लागू होईल असं एक वाक्य कुठल्याही फलकावर मी वाचलेलं नाही. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा पहा. देवळामागे उतरून समुद्रकाठच्या कातळावरून जायची वाट आहे, ती ओहोटीलाच करायची, भरतीला नाही. देवाच्या दारात आपण भरतीचं वेळापत्रक पाळतो. पोटासाठी जाताना पाळत नाही.

मी एका कार्यालयाला दोनदा अर्ज दिला. मागणी मोठी नव्हती. आमच्या भागात माणसं गरवायला बसतात अशी पाच-सहा ठरलेली टोकं आहेत, प्रत्येक ठिकाणी एक खांब, त्याला तरंगणारी रिंग आणि दोर. पहिल्या अर्जाला उत्तर नाही. दुसऱ्याला आलं, ‘सदर बाब या कार्यालयाच्या कार्यकक्षेत येत नाही’. दुसऱ्या कार्यालयात गेलो, तिथल्या साहेबांनी चहा दिला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, रिंग लावली की लोक म्हणतील सरकारने गरवायला परवानगी दिली. तिसरे म्हणाले, चोरीला जाईल. हा शेवटचा मुद्दा मात्र खरा आहे. दोर चोरीला जाईल. मग दुसरा लावायचा. एसटीतली प्रथमोपचाराची पेटी किती वेळा रिकामी झाली म्हणून आम्ही पेटी काढून टाकली का?

माझा भाचा ऑस्ट्रेलियात सिडनीला असतो. तिथेही लोक खडपावरून गरवतात आणि तिथेही जातात, त्यात आपल्यासारखी बाहेरून आलेली माणसं पुष्कळ. त्यांच्या न्यू साउथ वेल्स राज्याने २०१६ साली खास खडकावरच्या मासेमारीसाठी कायदा केला. धोक्याच्या म्हणून जाहीर केलेल्या भागांत तरंगणारं जॅकेट नसेल तर दंड. आणि टोकांवर खांबाला रिंगा टांगलेल्या आहेत, त्यांना ते देवदूताची रिंग म्हणतात. भाच्याने फोटो पाठवला. गंजका खांब, फिकट पडलेली रिंग, मागे फेस. अगदी आमच्यासारखा खडप. मला दंड नको आहे. आमच्याकडे दंड आला की तो कोणाकडून आणि कसा वसूल होईल हे मला ठाऊक आहे. मला खांब हवा आहे. आमच्या वाडीने यंदा नारळी पौर्णिमेला वर्गणीतून पहिला लावायचा ठरवलंय. नारळ तर आपण दरवर्षी दर्याला देतो. दोन फळ्या, ट्रकची जुनी ट्यूब आणि दोर. परवानगी मागितलेली नाही, कार्यकक्षा कुणाचीच नाही असं लेखी उत्तर माझ्याकडे आहे.

संपादक महोदय, तुमच्याकडे दोन मागण्या आहेत आणि दोन्ही तुमच्या कार्यकक्षेत येतात.

पहिली, बातमीची. तुमचे वार्ताहर गावोगाव आहेत, हुशार पोरं आहेत. पुढच्या वेळी (येऊ नये, पण येईल) पोलिसांच्या कागदावरचं ‘पाय घसरून’ जसंच्या तसं उचलण्याआधी तीन-चार गोष्टी विचारून लिहा. भरती होती की ओहोटी, उधाण होतं की भांग. त्या दिवशी लाटांचा इशारा होता का. माणूस एकटा होता का. अंगावर तरंगणारं काही होतं का. चार ओळींच्या आठ होतील. नारळाचा भाव थोडा खाली सरकेल. पण वाचणारा गरवणारा असेल तर पहिल्यांदाच त्याला त्या बातमीत स्वतःचं खडप दिसेल.

दुसरी, चौकटीची. तुमच्या दुसऱ्या पानावर रोज पंचांग असतं, राशिभविष्य असतं, सोन्याचा भाव असतो. तिथी तुम्ही छापताच. तिच्या शेजारी दोन ओळी वाढवा. रत्नागिरीची भरती आणि ओहोटी कितीला, आणि लाटांचा अंदाज किती मीटर. इन्कॉइसचा इशारा असेल त्या दिवशी तो ठळक अक्षरात. मेषेला धनलाभ आहे की नाही याने आमच्या किनाऱ्यावर कुणी मेलं नाही अजून.

फक्त एक विनंती. चौकट उद्याची छापा, आजची नको. तुमचा अंक आमच्याकडे रत्नागिरीहून येणाऱ्या पहिल्या गाडीने येतो. मी ती गाडी नऊ वर्षं केली आहे, गठ्ठे माझ्याच हाताने उतरवले आहेत. ती कितीही वेळेत निघाली तरी नाक्यावर साडेआठच्या आत लागत नाही, आणि पहाटेचा गरवणारा तोवर खाली उतरलेला असतो.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त एसटी कंडक्टर, ता. गुहागर, जि. रत्नागिरी
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)